टेरी क्रॉलीचा खून कोणाच्या लक्षात राहतो?

‘द शील्ड’ ही अमेरिकी पोलीसमालिका एफएक्स वाहिनीवर १२ मार्च २००२ रोजी सुरू झाली. पहिल्याच भागात डिटेक्टिव्ह व्हिक मॅकीच्या हातून दोन गोष्टी घडतात. एक लहान मुलगी बेपत्ता आहे. तिला कुठेतरी कोंडून ठेवल्याचा संशय असलेला डॉक्टर चौकशीच्या खोलीत बसला आहे, पण तोंड उघडत नाही. सरळमार्गी अधिकाऱ्यांचे उपाय थकतात. तेव्हा कॅप्टन असेवेडा, ज्याला व्हिक डोळ्यांसमोर नको असतो, तोच व्हिकला आत पाठवतो. व्हिक सोबतच्या पिशवीतून दारूची बाटली, लायटर, जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी असं एकेक सामान काढून टेबलावर मांडतो. बाहेर बाकीचे पोलीस मॉनिटरवर बघत उभे राहतात, कोणी अडवत नाही. डॉक्टर बोलतो आणि मुलगी जिवंत सापडते.

दुसरी गोष्ट भागाच्या अगदी शेवटी. अमली पदार्थ विकणाऱ्या एकाच्या घरावर व्हिकची ‘स्ट्राइक टीम’ धाड घालते. व्हिक त्या विक्रेत्याला गोळी घालतो, त्याचंच पिस्तूल उचलतो आणि सोबत आलेल्या टेरी क्रॉली या पोलिसाच्या चेहऱ्यावर झाडतो. टेरीचा गुन्हा एवढाच, की टीममधल्या भानगडींची माहिती वरिष्ठांना द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

अँटीहिरोच्या, म्हणजे वाईट कृत्यं करणाऱ्या नायकाच्या, मालिकांवर बोलताना ‘त्याच्यात चांगलंही आहे आणि वाईटही आहे, म्हणून तो गुंतागुंतीचा’ असं हमखास म्हटलं जातं. मला हे म्हणणं फार तोकडं वाटतं. चांगलं-वाईट प्रत्येकातच असतं. ज्याने एका मुलीला वाचवलं आणि एका माणसाला मारलं, त्याची बेरीज-वजाबाकी करून शिल्लक काढता येत नाही, कारण वाचलेली मुलगी आणि मेलेला टेरी ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाच्या खात्यातलं दुसऱ्याच्या नावावर जमा करायचा हक्क व्हिकला नाही आणि प्रेक्षक म्हणून आपल्यालाही नाही. माझं म्हणणं असं आहे, की अशा मालिकेची नैतिक खोली अँटीहिरोच्या मनात शोधत बसू नये. त्याने मारलेल्या, लुबाडलेल्या, तुरुंगात डांबलेल्या माणसांना मालिकेने किती जागा दिली आणि किती काळ लक्षात ठेवलं, ते बघावं. व्हिक मॅकीची गोष्ट मोठी ठरते ती या कसोटीवर.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. लॉस एंजेलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागात ‘क्रॅश’ नावाचं टोळीविरोधी पथक होतं. १९९८ मध्ये त्या पथकातला अधिकारी राफाएल पेरेझ मुद्देमालाच्या खोलीतलं कोकेन लंपास केल्याच्या आरोपात पकडला गेला. शिक्षा कमी करून घेण्याच्या बदल्यात तो बोलू लागला आणि त्याने सहकाऱ्यांच्या मारहाणीपासून खोट्या पुराव्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. शंभराहून अधिक आरोपींच्या शिक्षा न्यायालयांना रद्द कराव्या लागल्या. त्यांत हाविएर ओवांडो हा तरुण होता. १९९६ मध्ये पेरेझ आणि त्याच्या जोडीदाराने या निःशस्त्र मुलावर गोळ्या झाडल्या, त्याच्याजवळ बंदूक ठेवली आणि त्यानेच हल्ला केल्याचं कोर्टात शपथेवर सांगितलं. गोळ्यांमुळे तो कमरेखाली लुळा झाला. त्याला तेवीस वर्षांची शिक्षा झाली होती. १९९९ मध्ये तो सुटला आणि शहराने त्याला दीड कोटी डॉलर भरपाई दिली. ‘द शील्ड’चा निर्माता शॉन रायन याने याच रॅम्पार्ट प्रकरणावरून आपली मालिका उभी केली.

ओवांडोला गोळी लागली तेव्हा त्या भागातल्या कित्येकांना क्रॅश पथक हवंहवंसं वाटत असणार. टोळ्यांचा जाच खरा होता, भीती खरी होती. मालिकेच्या पहिल्याच भागात क्लॉडेट विम्स ही अधिकारी हे उघड बोलून दाखवते. असेवेडा तिला म्हणतो, हा व्हिक म्हणजे बॅज लावलेला अल कपोन आहे. त्यावर ती साधारण असं सांगते, की लोकांना हल्ली एवढंच हवंय: गाडीपर्यंत सुखरूप पोहोचता यावं, घरी आल्यावर सामान जागेवर असावं, खून झाला तर दुसऱ्या दिवशी खुनी पकडला जावा. त्यासाठी एखाद्या पोलिसाने गरीब वस्तीतल्या कुणाला बडवलं असेल, तर लोक विचारत नाहीत आणि त्यांना कोणी सांगूही नये. क्लॉडेट स्वतः कृष्णवर्णीय आहे, मार कोणत्या वस्तीत पडतो हे तिला नीट ठाऊक आहे, आणि ती स्वतः तसं काही करणाऱ्यांतली नाही. म्हणून तिच्या तोंडचं हे वाक्य फार टोचतं. व्हिकला खोलीत असेवेडा पाठवतो हे खरं, पण असेवेडाच्या मागे आपण सगळे उभे आहोत, असं ती बाई सांगते आहे.

आणि मग मालिका एक धाडसी गोष्ट करते. ती आपल्याला टेरीला विसरू देते. पुढच्या भागांत व्हिकचं घर दिसतं, ऑटिझम असलेला मुलगा दिसतो, त्याच्या शाळेचा खर्च दिसतो. रस्त्यावरच्या कॉनी नावाच्या बाईला आणि तिच्या बाळाला तो जीव लावतो. भागागणिक कोणीतरी त्याच्याहून दुष्ट माणूस येतो आणि व्हिक त्याला धडा शिकवतो. टेरीचं नाव अधूनमधूनच निघतं. माझ्या ओळखीच्या एकाने, माणूस अत्यंत सज्जन, तिसरा सीझन संपल्यावर मला विचारलं होतं, ‘टेरी कोण?’ मला त्या प्रश्नाचा धक्का बसला आणि त्याच्यावर रागवावंसंही वाटलं नाही. मालिकेची चाल तशीच होती.

पाचव्या सीझनमध्ये कॅव्हनॉ येतो. अंतर्गत चौकशी विभागाचा हा अधिकारी फॉरेस्ट व्हिटेकरने असा साकारला आहे, की बघणाऱ्याला तो सहन होत नाही. तो चिकट आहे, च्युइंगम चघळत हसतो, लोकांच्या अंगाशी येऊन बोलतो, व्हिकच्या घटस्फोटित बायकोच्या आयुष्यातही नाक खुपसतो. आपल्याला त्याची चीड येते. आता थांबून बघा, त्याचं म्हणणं काय आहे? व्हिकने टेरी क्रॉलीचा खून केला आहे, एवढंच. आणि ते शंभर टक्के खरं आहे! आपण तो खून डोळ्यांनी पाहिला आहे. तरी एका पोलिसाच्या खुनाचा छडा लावणारा माणूस आपल्याला खलनायक वाटतो, कारण तो आपल्या लाडक्याच्या वाटेत उभा आहे. कॅव्हनॉ पुढे स्वतःच घसरतो, व्हिकविरुद्ध खोटा पुरावा पेरतो. पण मग जे व्हिकने सात सीझनमध्ये नीट केलं नाही ते तो करतो. आपण पुरावा पेरल्याचं कबूल करतो आणि तुरुंगात जातो. या सबंध मालिकेत स्वतःच्या अपराधाची किंमत आपणहून मोजणारा हा माणूस प्रेक्षकांच्या सर्वांत नावडता राहिला, ही बाब मला अस्वस्थ करते.

हे फक्त याच मालिकेत घडलं असंही नाही. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये नवऱ्याच्या अमली पदार्थांच्या धंद्याला विरोध करणाऱ्या स्कायलरवर प्रेक्षक इतके तुटून पडले, की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्या द्वेषावर लेख लिहिला. विष बनवून विकणारा नवरा चालतो, ‘हे थांबव’ म्हणणारी बायको चालत नाही. प्रेक्षक मूर्ख असतात असा याचा अर्थ मी काढत नाही. ज्याच्या खांद्यावरून आपण गोष्ट बघतो त्याची बाजू आपण घेतो, आणि हे इतकं सहज होतं, की त्यासाठी पटकथेला फार मेहनत घ्यावी लागत नाही. मेहनत लागते ती प्रेक्षकाला त्या खांद्यावरून उतरवायला.

‘द शील्ड’ ती मेहनत घेते. टेरीला मारून लपवलेलं सत्य टीमला आतून कुरतडत जातं. व्हिकचा जिवलग शेन धाडीच्या वेळी तिथेच होता, त्याला सगळं माहीत होतं. मित्राला संपवून ‘कुटुंब’ वाचवता येतं, हा धडा त्याने व्हिककडूनच घेतला. पाचव्या सीझनच्या शेवटी शेन टीममधल्या लेमच्या गाडीत हातबॉम्ब टाकतो, कारण लेम तोंड उघडेल अशी त्याला भीती वाटते. लेम हा टीममधला सर्वांत हळवा, सर्वांत कमी बिघडलेला. व्हिक त्याच्यासाठी धाय मोकलून रडतो, खुन्याचा शोध घेतो, सूड घ्यायच्या शपथा खातो. त्याला हे कधीच नीट कळत नाही, की लेमला मारणाऱ्या हातात बळ कोणी भरलं. व्हिकचं मित्रप्रेम खोटं नाही, आणि म्हणूनच तो गुंतागुंतीचा माणूस आहे. माया खरी असते आणि तिच्याच नावाखाली माणसं मारली जातात. आपल्याकडच्या गावगुंडांच्या, बाहुबलींच्या आणि त्यांच्या पोरांच्या कहाण्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटून दुसऱ्या भागातलं एक दृश्य मला या सबंध प्रकारातलं सर्वोत्तम लेखन वाटतं. व्हिकला केंद्राच्या इमिग्रेशन खात्यात नोकरी आणि सर्व गुन्ह्यांपासून अभय मिळतं. अट एकच, जे केलं ते सगळं सांगायचं. जे सांगितलं ते माफ. आपल्या घटस्फोटित बायकोला अटकेतून वाचवण्यासाठी आपण सही करतोय असं तो समजतो. प्रत्यक्षात ती बाई पोलिसांनाच त्याच्याविरुद्ध साथ देत असते. करारात त्याच्या टीममधल्या शेवटच्या साथीदाराचं, रॉनीचं, नाव नसतं. ते नाही हे माहीत असून व्हिक सही करतो.

मग टेपरेकॉर्डर सुरू होतो. समोर ऑलिव्हिया ही अधिकारी बसली आहे, जिने वरिष्ठांकडे शब्द टाकून त्याला हा करार मिळवून दिला. व्हिक कितीतरी वेळ गप्प बसतो. ज्या माणसाला सात सीझन एकदाही शब्द अडला नाही, त्याच्या जबड्याचे स्नायू फक्त हलताना दिसतात. आणि मग तो बोलू लागतो. टेरीला मारायचं आपण आधीच ठरवलं होतं हे सांगतो, तो कसा मारला हे सांगतो. नंतर चोऱ्या, मारहाणी, खून यांची यादी. आवाजात पश्चात्ताप नाही, उलट ओझं उतरल्याचा सुटकेचा सूर आहे. ऑलिव्हियाच्या चेहऱ्यावरचा रंग उडत जातो. सगळं ऐकून ती हादरून विचारते, तू माझं काय करून ठेवलंस याची तुला कल्पना आहे का? तो म्हणतो, याहून वाईट केलंय मी.

आठवून बघा, जी यादी तो वाचतो तिच्यातलं जवळजवळ सगळं आपण पाहिलेलं असतं. नवीन काही नाही. पाहताना त्यातल्या कित्येक गोष्टींना आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवलेल्या असतात. पण मधला थरार, मधली मुलंबाळं, मधली सबब काढून टाकून फक्त कृत्यं एकामागून एक ऐकली, की ती एका सराईत गुन्हेगाराची कैफियत निघते. लेखकांनी प्रेक्षकाला खाली उतरवलं ते असं. उपदेशाचं एक वाक्य न घालता.

शेवटच्या भागात व्हिकला तुरुंग मिळत नाही म्हणून काही जण नाराज झाले होते. तीन वर्षं टाय लावून टेबलाशी बसायचं, रोज दहा पानी टाइप केलेला अहवाल द्यायचा, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, ही कसली शिक्षा? बायको-मुलं संरक्षणाखाली दुसऱ्या गावी गेलेली, शेनने बायकोला आणि लहान मुलाला विष देऊन स्वतःला गोळी घातलेली, रॉनीला सगळ्यांसमोर बेड्या पडलेल्या. मला हा शेवट पटतो, कारण तो खरा आहे. प्रत्यक्षातल्या पेरेझलाही कराराप्रमाणे पाच वर्षांचीच शिक्षा झाली होती. जो सगळ्यांत जास्त जाणतो त्याच्याशी व्यवस्था तडजोड करते, आणि बिल रॉनीच्या नावाने फाटतं. व्हिकला फाशी दिली असती तर आपण निवांत झोपलो असतो. तेवढी सोय लेखकांनी ठेवली नाही, हे बरंच केलं.

हे सगळं लॉस एंजेलिसचं. पण मराठी वाचकाला यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. मुंबई पोलिसांनी ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या, तिथपासून शहरातल्या एन्काउंटरचा इतिहास सांगितला जातो. नव्वदच्या दशकात ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही बिरुदावली वर्तमानपत्रांनी मिरवली, कुणाच्या नावावर किती जमा याचे आकडे छापून आले, त्यावर चित्रपट निघाले. खंडणीखोरांची दहशत खरी होती आणि व्यापाऱ्यांना सुटल्यासारखं वाटलं हेही खरं. क्लॉडेटचं वाक्य दादर-माटुंग्याच्या कुठल्याही सोसायटीत जसंच्या तसं चाललं असतं.

त्याच शहरात ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचललं आणि संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मेल्याचं जाहीर केलं. त्याच्यावर गुन्हे नोंदलेले होते, तो साधुसंत नव्हता. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने दुपारीच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवून ठेवले होते. चकमकीची गोष्ट रचण्याआधीच अपहरणाची नोंद कागदावर होती. लखनबरोबर उचललेला मित्र खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार होता. साक्ष व्हायच्या थोडे दिवस आधी, मार्च २०११ मध्ये, तो नाहीसा झाला आणि नंतर त्याचा जळालेला मृतदेह सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यांतल्या ११ पोलिसांची शिक्षा स्थगित करून त्यांना बाहेर काढलं, उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मार्च २०२४ मध्ये बहुतेक पोलिसांच्या शिक्षा उच्च न्यायालयाने कायम ठेवल्या. या सबंध काळात किती जणांना त्या वकील भावाबद्दल जिव्हाळा वाटला? तो आपल्या शहराचा कॅव्हनॉच होता, फरक इतकाच की तो घसरला नाही.

६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी ठार केलं, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. गोळीबार जाणूनबुजून मारण्यासाठीच केला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि मेलेल्या चारांपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन होते, असं आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या लहान मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हाही पेढे वाटले गेले. त्या लहान मुलींबद्दलचा संताप मलाही तितकाच जाळतो. पण ज्या दाराने तो डॉक्टर मार खायला आत गेला, त्याच दाराने टेरी क्रॉलीचं प्रेत बाहेर आलं. एक दार उघडं ठेवून दुसरं बंद ठेवता येईल, असं समजणं ही आपली फसवणूक आहे.

म्हणून अशा मालिका बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. त्याने काहीच साधत नाही, आणि व्हिक मॅकी पडद्यावर नसला तरी ठाण्यात असतोच. अँटीहिरोबद्दल माया वाटणं हाही दोष नव्हे. माझी तक्रार आपल्या हिंदी-मराठी पडद्यावरच्या त्या पोलिसांबद्दल आहे, ज्यांच्या गोळीने मेलेला प्रत्येक जण नराधमच निघतो, ज्यांच्या हातून कधीच चुकीचा माणूस मरत नाही, आणि ज्यांच्या विरोधातला मानवी हक्कवाला वकील हास्यास्पद असतो. तिथे गुंतागुंत नाही, नुसती खुशामत आहे. पोलिसांची नव्हे, आपली.

लखनभैया प्रकरणावर कोणी मराठीत दमदार मालिका लिहायला घेतली, तर त्यातला अधिकारी खुशाल रुबाबदार असू दे, त्याची लेकरं दाखवा, त्याने मोडून काढलेल्या खंडणीच्या टोळ्या दाखवा. पण तार करायला धावत निघालेला तो भाऊही पहिल्या भागात असू दे, आणि शेवटच्या भागापर्यंत राहू दे, कंटाळवाणा आणि चिवट वाटला तरी. असा माणूस मध्यभागी ठेवला तर प्रेक्षक टिकत नाहीत, असं निर्माते सांगतील. कॅव्हनॉचा तिटकारा करूनही ‘द शील्ड’चे प्रेक्षक आणखी दोन सीझन थांबले, आणि तिचा शेवट आजही दूरचित्रवाणीवरच्या उत्तम शेवटांत मोजला जातो.